सदतीसचं कीर्तन

सोलापुरात साखर पेठेच्या मागल्या अंगाला मारुतीचं एक बैठं देऊळ होतं. कळस बुटका, सभामंडप पत्र्याचा; पण श्रावणात तिथं जे कीर्तन रंगायचं त्याची सर मोठमोठ्या देवस्थानांना यायची नाही. आजूबाजूला सगळी विणकरांची घरं. दिवसभर मागांचा खटखटाट, आणि ऊन उतरलं की तीच माणसं अंगावरची सुताची कुसळं झटकत देवळात येऊन बसायची. कीर्तन ऐकावं तर अशा माणसांत बसून ऐकावं. ती मान डोलवतात ती उगीच डोलवत नाहीत, आणि पटलं नाही तर तसं तोंडावर सांगतात.

कीर्तनाला दरसाल सिद्धनाथबुवा मोडनिंबकर ठरलेले. बुवा अंगानं आडवे, आवाजानं उंच. पूर्वरंगात हसवायचे, उत्तररंगात डोळे पुसायला लावायचे आणि आरतीच्या आधी पुन्हा हसवून माणसांना घरी धाडायचे. हातात शिसवी चिपळ्या, गुरूंनी दिलेल्या. जेवताना पाटाच्या उजव्या अंगाला, निजताना उशाशी. गोजाबाई, म्हणजे बुवांची मंडळी, चारचौघींत म्हणायच्या, "माझी सवत लाकडाची हाय, म्हणून निभावलं."

या देवळाची एक रीत होती. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी विषय बुवांनी निवडायचा नाही. मडक्यातून निघेल तो घ्यायचा. कोपऱ्यात मातीचं एक मडकं ठेवलेलं असे, तोंडावर फडकं बांधलेलं. आल्यागेल्यानं फडक्याखालून हात घालून घरातली नाहीतर कामातली एखादी बारकी वस्तू आत सोडायची. शेवटच्या दिवशी सकाळच्या आरतीला कमलम्मानं डोळे मिटून त्यातली एक काढायची. कमलम्मा पेठेतली सगळ्यांत वयस्क विणकरीण, तेलुगू घरातली. पेठ तिला अव्वा म्हणायची. तिच्या हाताला जे लागेल त्यावर संध्याकाळी बुवांचं कीर्तन. एका साली मिठाचा खडा निघाला, एका साली सुताची रिकामी कांडी, एका साली कुणाच्या तरी म्हशीच्या गळ्यातली कवडी. बुवांनी ती कवडी अशी काही सुदाम्याच्या घरी पोचवली की पुढं चार दिवस पेठेत दुसरी गोष्ट नव्हती.

आणि पहिल्याच साली, घसा तापलेला असताना, बुवांनी हनुमंताकडं तोंड करून सगळ्यांदेखत शब्द दिला होता: "या मडक्यातनं काहीही निघू दे. ते मला देवाच्या पायापाशी नेता आलं नाही, तर या चिपळ्या याच मडक्यात टाकीन आणि पुन्हा कीर्तनाला उभा राहणार नाही." तरुणपणी बोललेलं असलं तरी देवासमोर बोललेलं. बुवा त्याची थट्टा करत नसत, आणि दुसऱ्यानं केलेली त्यांना खपत नसे.

बोलपट नुकते सुरू झाले होते त्या साली श्रावणातली ही गोष्ट. सकाळची आरती झाली. कमलम्मानं डोळे गच्च मिटले, तेलुगूत देवाचं नाव घेतलं आणि मडक्यात कोपरापर्यंत हात घातला. वर आला तो पितळेचा एक गोल बिल्ला.

"हा गिरणीचा!" कुणीतरी म्हणालं. गिरणीत प्रत्येक कामगाराला असा आकडा ठोकलेला बिल्ला मिळायचा. फाटकावर तो दाखवल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नसे.

बुवांनी बिल्ला तळहातावर घेतला. वरच्या अंगाला ठोकलेलं होतं: ३७. पण बुवांचं लक्ष पितळेकडं. पितळ! चिंचेनं घासलं की सोन्यासारखं लखलखतं, नाही घासलं की हिरवं पडतं. अख्खा पूर्वरंग त्यांच्या डोळ्यांपुढं उभा राहिला. मनातल्या मनात ते पितळेवरून सोन्याच्या द्वारकेत जाऊन पोचलेसुद्धा.

एवढ्यात कोंडीबा धावत आला. हा गिरणीतला साचेवाला, यंत्रमागावरचा कामगार. एका गालाची दाढी झालेली, दुसऱ्या गालावर साबण.

"बुवा, द्या हिकडं! माजा हाय त्यो! काल म्या खिशातनं कांडी काडून मडक्यात टाकली म्हणतोय, आन् आता बघतोय तर कांडी खिशात आन् बिल्ला गायब!"

"अरे, पण तो आजचा विषय आहे कोंडीबा."

"विषय तुमचा, पोट माजं! भोंगा व्हायची येळ झाली. फाटकावर काय दाखवू, कांडी?"

हशा पिकला. कोंडीबानं बिल्ला उचलला, देवाला आणि बुवांना एकाच नमस्कारात उरकलं आणि साबणासकट पळाला. बुवांचा तळहात तसाच पुढं राहिला, रिकामा.

"अव्वा, दुसरं काहीतरी काढा," पुजारी म्हणाला.

"दुसरं कशाला?" खांबाला टेकलेले हिंदुराव मास्तर बोलले. हे प्राथमिक शाळेत गणित शिकवायचे. बुवांचे जिवलग, त्यामुळं बुवांना चिमटा काढायचा पहिला मान त्यांचा. "वस्तू गेली म्हणून विषय जातो होय? पितळ गेलं असेल, पण त्यावर जे होतं ते तर बुवांनी वाचलंय. काय होतं बुवा?"

"सदतीस," बुवा म्हणाले.

"मग झालं तर. आजचं कीर्तन सदतीसवर! अर्ध्याचा पाढा, साधी निमकी म्हणताना ज्यांना घाम फुटतो ते आज आम्हाला आकड्याचं कीर्तन ऐकवणार."

बायकांनी पदर तोंडाला लावले. बुवांना वाटलं, नाही म्हणावं. पण समोर हनुमंत होता, आणि 'काहीही' हा शब्द त्यानं ऐकलेला होता.

"सदतीस तर सदतीस!" बुवा छाती काढून म्हणाले. "मास्तर, संध्याकाळी खडू घेऊन पुढंच बसा."

छाती घरच्या उंबऱ्यापर्यंत टिकली. सप्ताहापुरती देवळाशेजारची एक खोली बुवांना मिळे. तिथं जाऊन ते भिंतीला टेकले आणि म्हणाले, "गोजा, मेलो."

गोजाबाई भाकरी थापत होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "सदतीस कुणाकुणाचे असतात? गोपी, ऋषी, तीर्थं?"

"तेच तर. तेहतीस कोटी देव आहेत, चौसष्ट कला आहेत, छप्पन्न भोग आहेत. सदतीस कुणाचेच नाहीत. छत्तीसचासुद्धा आकडा भांडणाला उपयोगी पडतो. याचं नावसुद्धा कुणी काढत नाही."

"आन् पाढा?"

"पाढे तिसापर्यंतच म्हणतात पोरं. ह्याचा पाढाच नाही." लहानपणी मोडनिंबला शाळेत पाढे सुरू झाले की बुवा मागच्या खिडकीतून उडी मारून भजनात जात. ती उडी आज त्यांना आठवली.

गोजाबाईंनी डब्यातून मूठभर चिंचोके काढून पुढं टाकले. "मोजा सदतीस. हाताला लागलं की डोक्याला लागंल."

बुवांनी मोजले. दोन ढीग केले. एक चिंचोका उरला. तीन केले, एक उरला. चार केले, पुन्हा एक. पाच केले तर दोन उरले, सहा केले तर परत एक. सातात दोन, आठात पाच. नऊ ढीग मोठ्या आशेनं मांडले, तर तो एकटा चिंचोका पुन्हा बाहेर बसलेला, अगदी बुवांकडं बघत.

"हा कुणातच बसत नाही," बुवा वैतागले.

"तुमच्यासारखाच की. सोयऱ्यांच्या कुठल्या पंगतीत बसलाय कवा?"

बुवांना हसू आलं, पण ते ओठांवरच विरलं. त्यांनी चिपळ्या हातात घेतल्या. आतून खरोखरच भीती वाटत होती. कीर्तन गेलं तर आपण कोण? मोडनिंबला चार एकर कोरडवाहू आहे, पण ही काय नांगर धरून उभं राहायची उमर आहे? आणि समजा राहिलो उभे, तर श्रावणातल्या संध्याकाळी हे दोन हात काय करतील?

दारात इसूफ येऊन उभा राहिला. बुवांचा तबलजी. बापाच्या वेळेपासून या देवळात वाजवणारा. त्यानं पसरलेले चिंचोके पाहिले आणि तो ते चुकवून बाजूला बसला.

"पाढाच करून बघतो," बुवा म्हणाले. "नाहीच कुणी केला तर आपण करू." आकडे त्यांना लिहून समजत नसत, गाऊन समजत. त्यांनी चिपळ्यांवर ठेका धरला आणि भजनाच्या चालीवर सुरू केलं. गोजाबाई मिळवणी करून पुढचा आकडा सांगायच्या, बुवा तो गळ्यावर घ्यायचे.

"सदतीस... चौऱ्याहत्तर... एकशे अकरा... एकशे अठ्ठेचाळीस... एकशे पंच्याऐंशी... दोनशे बावीस..."

इसूफचा हात आपोआप मांडीवर पडू लागला होता. "बुवा, ठैरो," तो एकदम म्हणाला. "तिसरे पे सम आ रई."

"काय?"

"फिरसे बोलो. एकशे अकरा. फिर दो छोडके दोनशे बावीस. हर तिसरी मात्रा पे येकच अंक तीनदा."

बुवांनी डोळे मिटले आणि पुढं गायले. गोजाबाई भाकरी तव्यावर सोडून मिळवणी करत होत्या. दोनशे एकोणसाठ, दोनशे शहाण्णव, आणि मग जो आला तो बुवांनी सांगण्याआधीच ओळखला: "तीनशे तेहतीस!" इसूफनं मांडीवर अशी थाप मारली की चिंचोके उडाले. चारशे चव्वेचाळीस आला. पाचशे पंचावन्न आला. पालखीचे भोई दमल्यावर ठरल्या ठिकाणी खांदा बदलतात, तसा तो आकडा बरोबर तिसऱ्या पावलाला सम गाठत नऊशे नव्याण्णवापर्यंत चालत गेला. भाकरी करपली. कुणाला वास आला नाही.

"आन् हे बघा," गोजाबाई तवा उतरवत म्हणाल्या. "एकशे अकरात एक, एक आन् एक, मिळून तीन. सदतीसबी तीनदाच घेतला की. दोनशे बाविसाला सहादा घेतला, आन् दोन-दोन-दोन मिळून सहाच."

बुवा त्यांच्याकडं बघतच राहिले. "म्हणजे उलटं केलं तर? कुठलाही अंक तीनदा मांडा, त्या तिघांच्या बेरजेनं भागा, सदतीस! अगं, हे तर श्रोत्यांना विचारत विचारत करता येईल. गावातला कुणीही माणूस, कुठलाही अंक!"

"रंगंल खरं," गोजाबाई म्हणाल्या.

दुपारभर तिघं त्या आकड्याला घेऊन बसली होती. जेवण चटणी आणि करपक्या भाकरीवर झालं, आणि इतकं गोड लागलं की बुवा दोनदा मागून जेवले.

गिरणी सुटली तेव्हा ऊन अजून कळसावर होतं. देवळात पाय ठेवायला जागा राहिली नाही. कोंडीबा पहिल्या रांगेत, बिल्ला दोरीनं गळ्यात बांधलेला. "आता कुटं पडतोय बघू!" हिंदुराव मास्तर खडू घेऊन फरशीवरच मांडी घालून बसले होते. कोपऱ्यात मडकं होतं, आणि त्याला टेकून कमलम्मा.

बुवांनी नमन केलं, चिपळ्या वाजवल्या आणि मारुतीकडं बोट केलं. "या देवाला एकदा मोत्यांचा हार मिळाला. यानं एकेक मोती फोडून पाहिला, आत राम आहे का म्हणून. लोक हसले. आज आपण आकडा फोडून बघायचा. फुटतो का बघा! मास्तर, सदतीसचे दोन सारखे भाग करा."

"होत नाहीत."

"तीन? चार? पाच?"

"होत नाहीत बुवा. अविभाज्य आहे तो. एकट्याला सगळा द्या, नाहीतर सदतीस जणांना एकेक."

"ऐकलंत? अर्धा मिळत नाही, पाव मिळत नाही. ज्याला हवा त्यानं सगळा घ्यावा, नाहीतर सगळ्यांना पुरवावा. मंडळी, असं वागणारं दुसरं कोण आहे तुमच्या ओळखीचं?"

"देव!" मागून एक बाई म्हणाली, आणि पत्रा दणाणला.

मग बुवांनी पाढा गायला. इसूफनं प्रत्येक तिसऱ्या आकड्याला थाप दिली. चौथ्या-पाचव्या समेपर्यंत सगळं देऊळ थापेच्या आधी श्वास धरून बसायला लागलं. मग बुवांनी एकशे अठ्ठेचाळीस हा आकडा मास्तरांना फरशीवर लिहायला लावला. "यातला शेवटचा आठ उचला आणि पुढं आणून बसवा. काय झालं?"

"आठशे चौदा."

"सदतीसनं भागा."

मास्तरांचा खडू चालला. "बावीस वेळा जातो! बाकी शून्य."

"आता चार उचलून पुढं आणा."

"चारशे एक्क्याऐंशी... तेरा वेळा!" मास्तर आता बुवांशी बोलत नव्हते, फरशीशी बोलत होते. "सारखी बाकी शून्य. अरे, हे मला कसं..."

"भजनात मागचा पुढं येतो, पुढचा मागं जातो, पण रिंगण मोडत नाही," बुवा म्हणाले आणि त्यांनी तिथल्या तिथं जुळवलेलं एक पद लावलं:

तीन घरी एक दिवा, मोजू कसा सांग,
तेलाला ग वाटे आहेत, उजेडाला नाही भाग.

लोकांनी ते उचललं. बुवांना कैफ चढला. हा कैफ कीर्तनकाराला चढतो तेव्हा तो देवाच्या फार जवळ असतो आणि खड्ड्याच्याही. चिपळ्या उंच धरून ते म्हणाले, "आता तुम्ही सांगायचं! कुणीही, कोणताही अंक! तो तीनदा मांडा, त्याच तिघांच्या बेरजेनं भागा. सदतीस नाही आला, तर मारुतीरायाची आण, माझं कीर्तन हरलं!"

"सात!" कोंडीबा ओरडला.

"सातशे सत्त्याहत्तर, भागिले एकवीस," मास्तर पुटपुटले. "सदतीस!"

"चार!"

"चारशे चव्वेचाळीस, भागिले बारा. सदतीस!"

नऊ झाला, दोन झाला, आठ झाला, एकेक करत सगळे झाले. प्रत्येक उत्तराला सगळं देऊळ एका सुरात ओरडत होतं. बुवा नाचत नाचत कोपऱ्यापर्यंत गेले आणि कमलम्मापुढं वाकले. "अव्वा, तुमचा अंक?"

कमलम्मानं तोंडातलं पान एका गालात सारलं. "आता काय उरलं? सगळं सांगून झालं की यांचं. मी सुन्ना सांगते." आणि बोटांनी हवेत गोल काढून दाखवला. "शून्य."

बुवा हसले. "शून्य! मांडा मास्तर. शून्य, शून्य, शून्य. बेरीज शून्य. आता..."

खडू थांबला.

"मास्तर?"

"शून्यानं भागता येत नाही बुवा," मास्तर हळूच म्हणाले.

इसूफचा हात तबल्यावर तसाच राहिला. 

"अहो, शून्य सोडून, असं म्हणायचं होतं बुवांना," मास्तर घाईनं उठून लोकांना सांगू लागले. सकाळी चिमटा काढणारा माणूस आता घामाघूम झाला होता. "शाळेत आम्हीसुद्धा असंच धरतो. शून्य वगळून कोणताही—"

"नाही मास्तर." बुवांचा आवाज खाली आला होता. "मी 'कोणताही' म्हणालो. पहिल्या साली 'काहीही' म्हणालो होतो, आता 'कोणताही' म्हणालो. आण घेऊन म्हणालो. देवापुढं वगळायचं नसतं."

त्यांनी चिपळ्यांना कपाळ लावलं. मग फडकं बाजूला सारून त्या मडक्यात सोडल्या. आतल्या कांड्या-कवड्यांवर लाकूड आपटल्याचा आवाज झाला. गोजाबाईंनी बायकांच्या बाजूला बसल्या जागी डोळ्यांना पदर लावला.

"काय केलंस रे बाबा!" कमलम्मा गुडघ्यावर उठली. "मी तर गंमतीनं सांगितलं. ए मास्तर, मला सांग. सुन्ना सदतीस वेळा घेतला तर काय येतो?"

"शून्यच येतो अव्वा."

"मग आला की! सदतीस वेळा सुन्ना, सुन्ना झाला. उत्तर सदतीस बरोबर नाही का?"

मास्तर कमलम्माकडं वळले. मन मऊ झालं होतं, पण गणिताचा माणूस खोटं कसं बोलणार? "तसं चालत नाही अव्वा. सदतीस वेळा घेतला तरी शून्य, हे खरं. पण पाच वेळा घेतला तरी शून्यच. बारा वेळा घेतला तरी शून्यच. तिथं सदतीस बसतो तसा कुठलाही आकडा बसतो. मग उत्तर एकट्या सदतीसचं कसं म्हणायचं?"

बुवांनी मान वर केली. "काय म्हणालात?"

"कुठलाही आकडा बसतो म्हणालो."

"कुठलाही?"

"कुठलाही. शंभर, हजार, कोटी."

"कुणाला वगळावं लागत नाही?"

"नाही. म्हणून तर..."

बुवांच्या गळ्यातून आधी एक बारीक आवाज निघाला, मग ते पोट धरून हसायलाच लागले. लोकांना वाटलं, धक्क्यानं बुवांचं काहीतरी झालं. पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा उजळला होता.

"अहो मास्तर, सकाळपासनं मी याला चिंचोक्यांच्या ढिगांत बसवतोय!" ते म्हणाले. "दोनात बसेना, तिनात बसेना. भरलेल्या ताटांत याला जागाच नाही. मी म्हटलं, हा एकटाच असा मानाचा, याला एकट्याला वाजतगाजत देवापाशी नेतो, आणि 'फक्त सदतीसच, सदतीसच' करत दारापर्यंत आलो. दारात अव्वानं अडवलं. कारण ते ताट रिकामं आहे! तिथं सदतीस बसतो, पण शेजारी पाच बसतो, बारा बसतो, ज्याला कुणी विचारत नाही तोही बसतो. मंडळी, ज्यानं आपलं सगळं रितं केलं त्याच्यापाशी कुणाला मज्जाव नाही. हा मारुती बघा. शेंदूर सोडला तर याच्यापाशी स्वतःचं काय आहे? म्हणून तर राम हृदयात मावला! सदतीस देवापाशी पोचला हो. पण एकटा नाही पोचला. तुम्हाला सगळ्यांना घेऊन पोचला."

क्षणभर कुणाला कळलं नाही, आणि मग सगळ्यांना एकदम कळलं. कोंडीबा उभा राहिला आणि गळ्यातला बिल्ला उंच धरून ओरडला, "माजा सदतीस पोचला!"

"माझा एकशे बारा!" मागून एक साचेवाला उठला.

"माजा नव्वद! नव्वद बसतो का मास्तर?"

"बसतो!" मास्तर ओरडले.

"तीनशे सहा?"

"बसतो! सगळे बसतात!"

गिरणीतले सगळे आपापले आकडे ओरडू लागले. विणकरांना बिल्ले नव्हते, त्यांनी घरातली माणसं मोजली आणि तेलुगूत, कन्नडात, दखनीत आकडे सांगितले. प्रत्येकाला मास्तर "बसतो!" म्हणत होते. शाळेत एवढ्या पोरांना त्यांनी कधी पास केलं नसेल.

कमलम्मानं मडक्यात कोपरापर्यंत हात घातला, चिपळ्या वर काढल्या, पदरानं पुसल्या आणि बुवांच्या हातात कोंबल्या. "घे. आणि परत आण घेऊ नकोस. या वयात माझं काळीज थांबेल एखाद्या दिवशी."

बुवांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. मग जो गजर सुरू झाला तो थांबेना. इसूफचा तबला एकीकडं आणि बुवांचं पोट एकीकडं नाचत होतं. दिवेलागण झाली, आरती झाली, सुंठवडा वाटून झाला, तरी मंडळी उठायचं नाव घेईनात.

मास्तर मात्र केव्हाच पुन्हा फरशीवर बसले होते. सगळी फरशी खडूनं पांढरी झालेली.

"बुवा," त्यांनी हाक मारली, "नऊशे नव्याण्णवाच्या पुढं काय होतं हो? सम तशीच येते का?"

"मला काय ठाऊक? आम्ही तिथपर्यंतच गेलो होतो."

"पुढं एक हजार छत्तीस. मग एक हजार त्र्याहत्तर. मग..." मास्तर बोटांवर मोजत होते.

"असं नाही कळायचं," बुवा त्यांच्याशेजारी ऐसपैस बसले. "चाल धरा. गा!"

"मला गाता येत नाही बुवा."

"मला तरी कुठं भागाकार येतो? धरा!"

आणि हिंदुराव मास्तरांनी, ज्यांचा सूर साऱ्या सोलापुरात कुणी ऐकला नव्हता, खाकरून घसा साफ केला आणि फाटक्या आवाजात तान सोडली: "एक हजार छत्तीऽऽस..." इसूफनं तोंड फिरवून हसू आवरलं आणि थाप दिली. गोजाबाई बायकांना सांगत होत्या, "बसा गं जरा, आता लवकर उठत न्हाईत ही," आणि स्वतःच पुढच्या आकड्याची मिळवणी करायला लागल्या होत्या.